वाचकांचे प्रश्न : न्गुगींची पोथी कशी लावायची?

केनियाचे कादंबरीकार न्गुगी वा थिओंगो २८ मे २०२५ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात वारले. वय ८७. त्यांच्या आठवणीत आलेली बहुतेक पत्रं विदर्भातल्या गावांमधून आहेत आणि त्यांत श्रद्धांजलीपेक्षा प्रश्नच जास्त आहेत. हे आम्हाला बरंच वाटलं. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. ज्याला दोन ओळी पुरतात त्याला दोनच दिल्या आहेत.

संपादक भाऊ, ह्या मानसाचं नाव कसं घ्याचं थे आदी सांगा. वाचनालयात तीन जन तीन परकारे घेतात.
— एक वाचक, अंजनगाव सुर्जी

तिघंही थोडे थोडे बरोबर असतील. नावाच्या सुरुवातीला 'न' आणि 'ग' सुटे नाहीत. आपण वर्णमालेत घोकतो आणि 'वाङ्मय' सोडून कुठे वापरत नाही तो 'ङ' तिथे आहे. जीभ मागे टेकवून 'ङ्ग' म्हणा. गिकुयू या त्यांच्या मातृभाषेच्या रोमन लेखनात 'यू' आणि 'आय' या अक्षरांवर नागमोडी रेघ असली की उच्चार अनुक्रमे 'ओ' आणि 'ए'कडे झुकतो. म्हणून त्यांच्या गावचा माणूस 'ङ्गोगे'च्या जवळपास काहीतरी म्हणेल. आडनावासारख्या दिसणाऱ्या शब्दात शेवटी जो तुटक स्वल्पविराम छापतात तो 'ग' गिळायला सांगतो : 'दिओङो'. मराठीत 'न्गुगी वा थिओंगो' रूढ होत आहे, तेच चालू द्या. 'वा' म्हणजे 'चा'. थिओंगोचा न्गुगी, म्हणजे बापाचं नाव मागे लावायची आपलीच रीत. थिओंगो हे आडनाव नव्हे, म्हणून नुसतं 'थिओंगो म्हणतात' असं लिहिलं तर ते वडिलांचं मत होईल.

कोणत्या पुस्तकापासून सुरुवात करावी? इंग्रजी बेताचं आहे.
— आर्वी, चिखली आणि उमरखेडहून तीन पत्रं

'वीप नॉट, चाइल्ड' (१९६४). दीडशेच्या आसपास पानं, लहान वाक्यं, लहान प्रकरणं, एकच कुटुंब, आणि गोष्ट सरळ पुढे जाते. त्यानंतर 'द रिव्हर बिट्वीन' (१९६५). ही त्यांनी लिहिली आधी, छापली गेली नंतर. त्यामुळे ती पहिलीपेक्षा कच्ची वाटली तर दोष तुमच्या वाचण्यात नाही. तिसरी 'अ ग्रेन ऑफ व्हीट' (१९६७). आमच्या मते त्यांची सर्वांत बांधेसूद कादंबरी हीच, पण पहिली म्हणून हातात घेऊ नका. सगळी कथा केनियाच्या स्वातंत्र्यदिनाच्या, म्हणजे १२ डिसेंबर १९६३च्या आधीच्या चार दिवसांत घडते, आणि पात्रं आठवणींतून सारखी मागे जातात. एका वहीच्या पानावर आडवी रेघ ओढून तिच्यावर फक्त दोन खुणा करा : ऑक्टोबर १९५२, केनियात इंग्रज सरकारने आणीबाणी लावली; डिसेंबर १९६३, स्वातंत्र्य. प्रत्येक प्रसंग या दोन खुणांच्या कुठल्या बाजूला पडतो एवढं पाहत गेलात की मुगो, गिकोन्यो, मुंबी आणि करांजा यांच्यात कोणी काय लपवलंय ते आपोआप उलगडतं.

'विझार्ड ऑफ द क्रो' साडेसातशेच्या वर पानांची आहे. ती उन्हाळ्यासाठी ठेवा.

आम्ही चातुर्मासात पोथी लावतो तशी न्गुगींची कादंबरी लावता येईल काय? किती दिवस लागतील, कोण वाचेल, लोकं बसतील काय?
— गावच्या सार्वजनिक वाचनालयाची मंडळी, दर्यापूर तालुका

लावता येईल, आणि त्यांना आठवायची याहून योग्य रीत नाही. १९८० साली त्यांची 'चैतानी मुथराबाइनी' (इंग्रजीत 'डेव्हिल ऑन द क्रॉस') गिकुयूत निघाली तेव्हा ती तशीच वाचली गेली. संध्याकाळी घरातली सगळी माणसं जमायची आणि वाचता येणारा मोठ्याने वाचायचा. दारूच्या गुत्त्यातही वाचन चाले. वाचणाऱ्याचा ग्लास रिकामा झाला की तो ऐन रंगात आलेल्या जागी पुस्तक खाली ठेवायचा, मग कोणीतरी ग्लास भरायचं. हे न्गुगींनीच 'डीकॉलनायझिंग द माइंड' (१९८६) मध्ये नोंदवलंय. ५,००० प्रती खपायला तीन ते पाच वर्षं लागतील असा प्रकाशकाचा हिशेब होता. त्या महिन्याभरात संपल्या, आणि वर्षअखेरीपर्यंत १५,००० छापाव्या लागल्या. कानाने वाचणारा वाचक मोजायचा राहून गेला होता.

तुमच्यासाठी मात्र 'वीप नॉट, चाइल्ड' घ्या. हिशेब असा : इंग्रजी नुसतं मोठ्याने वाचलं तर तासाला ३० पानं होतात. वाचून तिथल्या तिथे वऱ्हाडीत सांगायचं म्हटलं की ८ ते १० वरच गाडी येते. सव्वा तासाची बैठक धरा, रोज १० पानं, म्हणजे पंधरवडा. सव्वा तासावर जाऊ नका, दुसऱ्या दिवशी निम्मी माणसं येत नाहीत.

वाचणारे दोन ठेवा, जास्त नको. प्रत्येकाचा सांगायचा बाज निराळा असतो, आणि चार जण झाले की गोष्टीतल्या बापाचा, न्गोथोचा स्वभाव रोज बदलतो. ज्याची पाळी त्याने उद्याची दहा पानं आज वाचून ठेवायची, पेन्सिलीने खुणा करायच्या. बहुतेक जण इथेच चुकतात : पुस्तक समोर धरून वाक्यागणिक भाषांतर करत जातात. मग इंग्रजी वाक्याचं शेपूट मराठीत आधी येतं, सांगणारा अडखळतो आणि ऐकणारा विड्या शोधायला लागतो. एक परिच्छेद मनात वाचा, पुस्तक मांडीवर पालथं घाला आणि मग सांगा. वर्णन आवरतं घेतलं तरी चालेल. संवाद जसाच्या तसा आला पाहिजे. म्हण आणि गाणं कधीच गाळायचं नाही.

नावांचा गोंधळ पहिल्याच दिवशी होतो, कारण न्गोथो, न्जेरी, न्योकाबी, न्जोरोगे ही सगळी एकाच घरातली. दुकानातून एक ड्रॉइंग शीट आणा आणि मोठ्या अक्षरात वंशावळ काढून भिंतीला लावा. वर न्गोथो. खाली दोन बायका. थोरली न्जेरी, तिची मुलं बोरो, कोरी, कमाऊ. धाकटी न्योकाबी, तिची मुलं म्वांगी आणि न्जोरोगे. म्वांगी दुसऱ्या महायुद्धात गेला, त्याच्या नावाभोवती चौकट करा. बोरो त्याच युद्धातून परत आला, आणि भाऊ तिकडेच राहिल्याचा राग पुढे सगळ्या गोष्टीला पुरतो. दुसऱ्या बाजूला दोनच नावं : गोरा जमीनमालक हाउलँड्स आणि सरकारच्या मर्जीतला जाकोबो. मुलगी म्विहाकी जाकोबोची. एवढं भिंतीवर असलं की नाव विसरलेला माणूस विचारायला लाजत नाही, बोट दाखवतो.

वेळ? दिवाळीपासून वेचणी चालू असते, तेव्हा रात्री कोणाचे डोळे उघडे राहत नाहीत. होळी झाल्यावर रात्री साडेआठच्या पुढे, पारावर किंवा देवळाच्या ओट्यावर बसा. चार्जिंगचा दिवा जवळ ठेवा. भोंगा लावू नका. भोंगा लावला की माणूस घरी खाटेवर पडून ऐकतो, आणि ओट्यावर तुम्ही दोघंच उरता.

शेवटच्या दिवसाबद्दल मात्र आधी ठरवून ठेवा. शेवटी न्जोरोगेचं सगळं संपलेलं असतं : बाप गेला, शाळा गेली, म्विहाकी गेली. रात्री तो जीव द्यायला घराबाहेर पडतो. आपल्या गावांत हे वाचताना ओट्यावर कोण बसलंय ते पाहावं लागतं. ज्या घरात असं घडलंय त्या घरातलं कोणी असेल तर दुपारीच त्यांच्या कानावर घाला, की आज असा भाग आहे, यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आणि या पानांत बैठक तोडू नका. ग्लास रिकामा झाला तरी नाही. अंधारात न्योकाबी त्याला हाक मारत येते, तो तिच्या मागे घराकडे चालू लागतो, स्वतःला भित्रा म्हणतो, आणि घर जवळ आल्यावर पुढे पळत जाऊन दार उघडतो, आपल्या दोन्ही आयांसाठी. दोन आया. सख्खी-सावत्र हा शब्द लेखकाने तिथे येऊ दिला नाही, तुम्हीही तो तोंडात येऊ देऊ नका. दार उघडेपर्यंत एका दमात वाचा. पुस्तक तिथेच संपतं. त्यावर भाषण नको. चहा तयार ठेवा.

असं वाचायला परवानगी लागते काय? आणि भाषांतर छापलं तर?
— वरच्याच पत्रात

भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात दोन सवलती तुमच्या कामाच्या आहेत. छापील साहित्यातला वाजवी उतारा लोकांसमोर वाचता येतो. आणि हौशी मंडळाने पैसे न घेता बसवलेल्या श्रोत्यांपुढे साहित्यकृती सादर केली तर तो भंग धरत नाहीत. तिकीट किंवा देणगी कुपन लावलंत की ही दुसरी सवलत संपली. भाषांतर छापणं, पीडीएफ करून गावभर व्हॉट्सॲपवर फिरवणं याला प्रकाशकाची लेखी परवानगी हवीच. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे न्गुगींच्या बाबतीत २०८५च्या अखेरीपर्यंत. तेवढं थांबण्यापेक्षा पत्र लिहिणं सोपं.

हाउलँड्स म्हणजे आमच्याकडचा सावकारच ना?
— एक वाचक, मोर्शी

नाही, आणि ही तुलना ताणली की कादंबरी हातची जाते. सावकाराला शेतात पाय ठेवायची गरज नसते. हाउलँड्स स्वतः मातीत राबतो, त्या जमिनीवर त्याचा जीव आहे. न्गोथो त्याच जमिनीवर मजूर आहे, आणि ती आपल्या पूर्वजांची आहे, एक दिवस परत मिळेल अशी त्याची श्रद्धा आहे. दोघं मिळून शेतातून फिरतात, एकाच रोपापाशी थांबतात. एकाच जमिनीवर दोघांचं सारखंच प्रेम असणं, हा तिथला पेच. वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात गेलं तरी गोरा शेतकरी इथे येऊन शेत कसायला बसला नाही. आपलं दुखणं कापसाच्या भावाचं आणि कर्जाचं राहिलं. ते 'वीप नॉट, चाइल्ड'मध्ये सापडणार नाही. ते त्यांच्या नाटकात आहे, खाली पाहा.

'पेटल्स ऑफ ब्लड' तीनदा सुरू केली, तीनदा सुटली.
— एक वाचक, मूल

सुटते, कारण ती खुनाच्या तपासाने सुरू होते आणि लगेच बारा वर्षं मागे जाते. आपण खुनी शोधत बसतो आणि लेखक भलतंच सांगत राहतो. खुनी शोधणं सोडा. इल्मोरोग हे गाव हेच मुख्य पात्र धरा. मुनिरा, अब्दुल्ला, वांजा, करेगा ही चार माणसं बाहेरून या गावात येतात. मग दुष्काळ पडतो आणि गावकरी अब्दुल्लाच्या गाढवाला घेऊन, आपल्या खासदाराला भेटायला पायी राजधानीकडे निघतात. इथपर्यंत पोचलात की पुस्तक सुटणार नाही. तो खासदार कसा भेटतो ते आम्ही सांगत नाही, तुम्हाला अंदाज असेलच. नंतर गावात हमरस्ता येतो, बँक येते, आणि गाव गावाचं राहत नाही. वहीत दोन रकाने करा : रस्ता येण्याआधीचं इल्मोरोग आणि नंतरचं. थेंगेटा नावाची घरगुती दारू पहिल्या रकान्यात कुठे आहे आणि दुसऱ्यात कोणाच्या मालकीची झाली, एवढं एक सूत धरलं तरी सगळी कादंबरी हाताशी येते.

वऱ्हाडीत कादंबरी लिहितो आहे. सगळे म्हणतात, बाहेर कोण वाचणार? न्गुगींनी हे कसं निभावलं?
— एक लेखक, बाळापूर तालुका

आधी त्यांचा क्रम नीट पाहा, कारण लोक तो उलटा सांगतात. त्यांनी आधी तत्त्व ठरवलं आणि मग इंग्रजी सोडली, असं झालं नाही. १९७७ साली एकाच वर्षात दोन गोष्टी झाल्या. 'पेटल्स ऑफ ब्लड' इंग्रजीत निघाली. तिच्यात सत्ताधाऱ्यांवर सडकून टीका होती, तरी लेखक मोकळा राहिला. त्याच ऑक्टोबरात त्यांच्या कमिरिथू गावात गिकुयूतलं नाटक उभं राहिलं. २ ऑक्टोबरला पहिला प्रयोग, १६ नोव्हेंबरला परवाना रद्द, आणि ३१ डिसेंबरला न्गुगी अटकेत, खटल्याशिवाय, वर्षभर. सरकार कोणत्या भाषेला भितं हे सरकारनेच दाखवून दिलं. त्यानंतर त्यांनी कादंबरी गिकुयूत लिहायची ठरवली. ललित लेखन गिकुयूत आणि मग इंग्रजी भाषांतर, हा क्रम शेवटपर्यंत राहिला. 'डेव्हिल ऑन द क्रॉस' आणि 'विझार्ड ऑफ द क्रो' स्वतः इंग्रजीत आणल्या, 'मातिगारी' वांगुई वा गोरो यांनी. म्हणजे 'बाहेर कोण वाचणार' याचं उत्तर त्यांनी भाषांतरावर सोपवलं, मूळ लेखनावर नाही.

आता कामाचं. पहिला निर्णय : बोली संवादात की निवेदनातही? उद्धव शेळक्यांच्या 'धग'मध्ये (१९६०) कौतिकचं घर अस्सल वऱ्हाडीत बोलतं आणि निवेदन प्रमाण मराठीकडे झुकतं. हा रस्ता वाचकाला सोपा आहे. न्गुगींचा रस्ता दुसरा : सांगणाराही गावचाच, गिचांडी, म्हणजे भोपळ्याचं वाद्य, वाजवत कथा सांगणारा. हा निवडलात तर सांगणारा कोण, कुठे बसून, कोणाला सांगतो हे पहिल्या पानावर ठरलं पाहिजे. ते न ठरवता नुसती बोली ओतली की निवेदन नकलेसारखं वाटतं.

दुसरं, लिपी. न्गुगींना यानेच छळलं होतं. मिशनऱ्यांनी बसवलेल्या गिकुयू लेखनात ऱ्हस्व-दीर्घ स्वर आणि आवाजाची चढ-उतर नीट दिसत नाही. काल लिहिलेला परिच्छेद आज वाचावा तर वेगळाच अर्थ निघे. त्यांनी जिथे लागेल तिथे स्वर दुप्पट लिहिले आणि वाक्याची बांधणी अशी केली की संदर्भानेच अर्थ पक्का व्हावा. आपल्याकडे 'जग' दोन तऱ्हांनी वाचता येतं, 'चार'ही. वऱ्हाडीत वर आणखी भर : 'डोळा'चा डोया, 'काळा'चा काया. 'काया' हा शब्द प्रमाण मराठीत शरीरासाठी आहे, म्हणून 'त्याची काया' लिहिलंत की अकोल्याबाहेरचा वाचक घसरलाच. 'काया बैल' लिहा, कोणी घसरणार नाही. सुरुवातीलाच एका पानावर तक्ता करा : मले, तुले, काहून, कायले, थो, थे. कोणतं रूप घेणार ते एकदा लिहून ठेवा आणि दोनशेव्या पानापर्यंत तेच पाळा. बोलीतल्या शब्दांना अवतरणचिन्हं घालू नका. अवतरणचिन्ह म्हणजे लेखकाने शब्दाला शिवण्याआधी हातात घातलेला मोजा.

तिसरं, तपासणी. कमिरिथूत तालमी उघड्यावर चालत आणि पाहणारे मधेच अडवत : म्हातारा असं बोलत नाही, हे तरुण पोराचं बोलणं झालं. तुमची प्रकरणं गावातल्या साठीपुढच्या दोघांना वाचून दाखवा, त्यात एक बाई असावी. ते जिथे हसतील तिथे खूण करा. हसू विनोदाच्या जागी आलं तर ठीक, नाहीतर तिथे भाषा चुकली आहे.

वाचलं की त्या नाटकात कर्ज आणि जमीन आहे. झाडीपट्टीत बसवता येईल?
— देसाईगंज (वडसा) आणि सिंदेवाहीहून

कमिरिथूचं ते नाटक म्हणजे 'न्गाहिका न्डेंडा', इंग्रजीत 'आय विल मॅरी व्हेन आय वाँट'. न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी या दोघांनी मिळून लिहिलेलं. विषय झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागणार नाही. किगूंडा हा शेतमजूर. नावावर दीड एकर. त्या दीड एकराचा कागद त्याने भिंतीवर लावलाय. गावचा धनाढ्य किओई येतो आणि नवरा-बायकोला सांगतो, तुमचं लग्न खरं नव्हे, चर्चमध्ये पुन्हा लावा. त्या थाटासाठी किगूंडा जमीन तारण ठेवून बँकेचं कर्ज काढतो. मुलगी गाथोनी आणि किओईचा मुलगा यांचं प्रकरण मधे येतं, सोयरीक फिसकटते, कर्ज उरतं, जमीन जाते. लग्नाच्या थाटापायी सातबाऱ्यावर बोजा. रंगमंचावर तो भिंतीवरचा कागद सगळ्यांत मोठा ठेवा, मागच्या रांगेला दिसेल असा. पहिल्या अंकात किगूंडा कागद उतरवतो, पाहतो, परत लावतो. ती जागा घाईत उरकली तर शेवटी रिकाम्या भिंतीला काहीच वजन येत नाही.

चर्चचा धागा आपल्याकडे तसाच चालणार नाही. त्या जागी दुसरा कुठला धर्मविधी घालून कोणाची खोड काढण्यापेक्षा थाटाचं लग्न, मंगल कार्यालय, डीजे, हुंडा एवढं पुरे. गाणी भरपूर आहेत, आणि तीच नाटकाचा कणा आहेत. तुमच्याकडे रात्रभर बसणारा प्रेक्षक आहे, तेव्हा गाणी कापायचा मोह टाळा.

कागदपत्रं दोन. रूपांतराला हक्कधारकांची परवानगी लागेल, कारण तुमचे प्रयोग तिकिटाचे. आणि महाराष्ट्रात संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून आधी मंजूर करून घ्यावी लागते. दिवाळीला हंगाम उघडतो, म्हणून संहिता पावसाळ्यातच पाठवा.

कमिरिथूचं नाट्यगृह गावकऱ्यांनीच बांधलं होतं. आराखडा आधी जमिनीवर आगकाड्या मांडून केला, मग दोन हजारांवर माणसं बसतील असं उघडं नाट्यगृह उभं राहिलं. मार्च १९८२मध्ये सरकारने ते पाडून सपाट केलं.

तुरुंगात संडासच्या कागदावर कादंबरी लिहिली हे खरं की दंतकथा?
— एक वाचक, कारंजा

खरं, 'डेव्हिल ऑन द क्रॉस' अशीच लिहिली. कामिटी तुरुंग, १९७८. तो कागद जाडाभरडा होता, अंगाला बोचेल असा, पण त्यामुळेच त्यावर पेन चालायचं. मऊ कागदावर शाई पसरली असती. मजकूर एकदा झडतीत जप्त झाला आणि नंतर परत मिळाला. गिकुयू शब्द अडला की ते पहारेकऱ्यांनाच विचारत. १२ डिसेंबर १९७८ला सुटले. सविस्तर हवं तर 'डीटेन्ड' (१९८१) वाचा.

एका कादंबरीतल्या पात्रावर म्हणे वॉरंट निघालं होतं?
— एक वाचक, पुसद

'मातिगारी' (१९८६). त्या नावाचा माणूस देशभर फिरून सत्य आणि न्याय कुठे मिळेल असं विचारतोय, असं लोक बोलायला लागले. सरकारला वाटलं हा खराच माणूस, आणि त्याला पकडायचा हुकूम सुटला. तो पुस्तकात राहतो हे कळल्यावर मग पुस्तकं जप्त केली. न्गुगींनी इंग्रजी आवृत्तीच्या सुरुवातीला हे सांगितलं आहे. त्याच सुरुवातीच्या पानांत वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला मोकळीक आहे, की ही गोष्ट तुम्हाला वाटेल त्या देशात घडू द्या. ओट्यावर वाचायला दुसऱ्या वर्षी हीच घ्या.

तेलुगूत आहे काय? आमच्याकडे निम्मे लोक तेलुगू वाचतात.
— एक शिक्षक, सिरोंचा

आहे. 'डेव्हिल ऑन द क्रॉस'चं तेलुगू भाषांतर कवी वरवरा राव यांनी केलं, तेही तुरुंगात असताना. हैदराबादच्या दुकानांत विचारा, सिरोंच्याहून नागपूरपेक्षा ते जवळ.

जिल्ह्याच्या ग्रंथालयात 'टी'खाली शोधलं, 'डब्ल्यू'खाली शोधलं, एकही पुस्तक नाही म्हणतात.
— एक वाचक, मेहकर

'एन'खाली शोधा, न्गुगी. तिथे नसेल तर 'जेम्स न्गुगी' या नावाने पाहा. 'अ ग्रेन ऑफ व्हीट'पर्यंतची पुस्तकं आधी त्याच नावाने छापली गेली, नंतर त्यांनी 'जेम्स' टाकून दिलं. जुन्या प्रती बहुधा हाइनमानच्या आफ्रिकन रायटर्स मालिकेतल्या असतात, पाठ नारिंगी. नोंदवहीत लेखकाचं नाव चुकीचं चढलं असलं तरी कपाटात नारिंगी पाठ डोळ्याला दिसते.

एक सावधगिरी : 'अ ग्रेन ऑफ व्हीट' त्यांनी १९८०च्या दशकात सुधारून पुन्हा काढली आणि काही प्रसंगच बदलले. गटाने वाचणार असाल तर सगळ्यांकडे एकच आवृत्ती आहे का ते आधी पाहा, नाहीतर पुस्तकात काय घडलं यावरूनच भांडण लागेल. त्यांची काही अलीकडची पुस्तकं कोलकात्याच्या सीगल बुक्सने काढली आहेत, ती मागवायला सोपी.

नोबेल का नाही मिळालं?
— सात पत्रं

दरवर्षी नाव चर्चेत असायचं. मिळालं नाही. वाचणाऱ्याचं त्यात काही अडलेलं नाही.

त्यांच्या मुलानेच त्यांच्यावर आरोप केला असं वाचलं. मग वांजा, वारिंगा यांच्याबद्दल लिहिणारा हा माणूस खरा की खोटा?
— एक वाचक, वर्धा जिल्हा

२०२४ साली त्यांचा मुलगा, लेखक मुकोमा वा न्गुगी याने जाहीरपणे लिहिलं की वडिलांनी माझ्या दिवंगत आईला मारहाण केली होती. आठवणीच्या लेखांतून हे गाळू नये असं आमचं मत आहे. पुस्तकं त्यामुळे फेकायचीही नाहीत. 'डेव्हिल ऑन द क्रॉस'मधली वारिंगा नोकरी गेलेली टंकलेखिका म्हणून सुरू होते आणि पुढे यंत्रं दुरुस्त करणारी होते. ती वाचताना मुलाचं वाक्यही लक्षात असू द्या. दोन्ही एका वेळी डोक्यात ठेवणं जड जातं, पण ते वाचकालाच करावं लागतं.

चौथी-पाचवीच्या पोरांना त्यांचं काही सांगता येईल?
— जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिका, तिवसा तालुका

'द अपराइट रिव्हॉल्यूशन'. माणूस दोन पायांवर का चालतो याची छोटी गोष्ट, मूळ गिकुयूत, पुढे डझनावारी भाषांत गेलेली. आधी हात आणि पाय दोघंही चालायचे. मग श्रेष्ठ कोण यावर त्यांची जुंपते, इतर अवयव पंच होतात, शर्यती लागतात. गोष्ट सांगायला पंधरा मिनिटं पुरतात, करून दाखवायला तास लागतो. दोन गट करा, हात आणि पाय. जीभ, डोळे, नाक, कान यांना भिंतीपाशी बसवा, ते निकाल देतील. मुलांना आधी चारही टेकवून पटांगणाची एक फेरी मारायला लावा, म्हणजे भांडण कशावरून आहे ते कळतं. दुपारी नको, जमीन तापलेली असते. सकाळची शाळा असेल तेव्हा, परिपाठ झाल्यावर लगेच घ्या.